चार्ज कुणाकडे आहे? मॉर्मन चर्चचा दावा आणि पवित्र शास्त्र

मंडळी,

आजचा विषय कुणा श्रोत्याने सुचवलेला नाही, तो माझ्या घरातूनच आला आहे.

माझा पुतण्या हैदराबादला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याची दोन तरुणांशी ओळख झाली. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, बोलणं अतिशय अदबीचं. त्याने त्यांना घरी बोलावलं, चहा ठेवला. ते म्हणाले, चहा नको, पाणी चालेल. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य असते. पुढे भेटी वाढल्या आणि एके रात्री त्याचा मला फोन आला.

"काका, मी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा विचार करतोय. आणि पुढे आजीच्या नावानेही करवून घेता येतो म्हणे."

मी म्हटलं, "अरे, आजीचा बाप्तिस्मा झालेला आहे. नगरला, ती लहान असताना."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "हो, पण तो ग्राह्य नाही. देणाऱ्याला अधिकार नव्हता."

माझी आई रोज पहाटे शास्त्र वाचायची. शेवटच्या आजारात डोळे गेले, तेव्हा आम्ही वाचून दाखवायचो आणि आमचं चुकलं की ती दुरुस्त करायची. तिचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही? माझं रक्त तापलं. तोंडावर आलेलं वाक्य हुकुमाचंच होतं: हे प्रकरण आत्ताच्या आत्ता बंद कर.

तेवढ्यात एक वाचलेली गोष्ट आठवली. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरला. पुढे त्याने पुण्यात एक लहानशी शाखाही काढली. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला कसून विरोध केला. पावणेदोनशे वर्षांनंतर मीही तेच करायला निघालो होतो. अधिकाऱ्याने हुकूम दिला की माणूस गप्प बसतो, पण त्याच्या मनातला प्रश्न तसाच राहतो. म्हणून मी पुतण्याला म्हटलं, "मला दोन महिने दे. मी दोन्ही पुस्तकं वाचतो. तूही वाच."

त्या दोन महिन्यांत जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही. साधा पदवीधर, आयुष्य फौजेत गेलेलं. पण एक गोष्ट मी आयुष्यभर केली आहे: चार्ज देणं आणि चार्ज घेणं. आणि हा सगळा वाद मुळात चार्जचाच आहे.

दावा नेमका काय आहे?

आधी नाव नीट घेऊ. या संस्थेचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे लोकांनी पाडलेलं नाव. २०१८ पासून ते वापरू नका, असा त्यांच्या प्रमुखांचा आग्रह आहे. ओळखीसाठी मी ते वापरतो आहे, हिणवण्यासाठी नाही. जगभरात त्यांचे १ कोटी ७० लाखांहून अधिक सभासद आहेत. भारतात हैदराबादला २०१२ मध्ये त्यांचा पहिला 'स्टेक', म्हणजे अनेक स्थानिक मंडळ्यांचा विभाग, स्थापन झाला. बेंगळुरूला मंदिर बांधण्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं.

सुरुवात अमेरिकेतली. न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावाजवळ जोसेफ स्मिथ नावाचा चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा राहत होता. गावात वेगवेगळ्या पंथांचे प्रचारक एकमेकांवर तुटून पडत होते. मुलाला प्रश्न पडला, यातलं खरं चर्च कोणतं? याकोबाच्या पत्रात (१:५) ज्ञान उणं असेल तर देवाकडे मागावं असं आहे. ते वाचून १८२० मध्ये तो रानात प्रार्थनेला गेला. त्याच्या सांगण्यानुसार पिता आणि पुत्र दोघांनी त्याला दर्शन दिलं आणि यांपैकी कोणत्याच पंथात जाऊ नकोस असं सांगितलं. पुढे मोरोनी नावाच्या दूताने सोन्याच्या पत्र्यांची जागा दाखवली. त्यांचं भाषांतर म्हणून १८३० मध्ये 'बुक ऑफ मॉर्मन' छापलं गेलं आणि त्याच वर्षी ६ एप्रिलला चर्चची स्थापना झाली.

पुढच्याच वर्षी स्मिथने सांगितलेल्या एका प्रकटीकरणात, पृथ्वीवरचं एकमेव खरं आणि जिवंत चर्च हेच, असा दावा आला. तो आज त्यांच्या 'डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात आहे.

हा नुसता गर्व नाही, त्यामागे तर्क आहे. तो असा: प्रभू येशूने प्रेषितांना अधिकार दिला. प्रेषित मारले गेले. अधिकार पुढे कुणाला दिला गेलाच नाही, आणि चर्च भ्रष्ट झालं. मग १८२९ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने स्वर्गातून येऊन स्मिथ आणि त्याचा सहकारी ऑलिव्हर काउड्री यांना अहरोनाचं याजकपण दिलं. त्यानंतर पेत्र, याकोब आणि योहान यांनी मलकीसदेकाचं याजकपण दिलं. म्हणजे मधली सतराशे वर्षं चार्ज कुणाकडेच नव्हता. त्या काळात आणि त्यानंतरही त्यांच्या बाहेर झालेला प्रत्येक बाप्तिस्मा म्हणजे बिनअधिकाराची सही. माझ्या आईचासुद्धा.

पहिली तपासणी: चार्ज खरंच सुटला होता का?

फौजेत जाणारा अधिकारी आणि येणारा अधिकारी समोरासमोर बसतात, यादी तपासतात, दोघे सही करतात. जाणारा हजर नसेल तर अधिकाऱ्यांचं मंडळ बसतं आणि एकेक वस्तू मोजतं. "मधल्या काळात चार्ज कुणाकडेच नव्हता" असं कुणी म्हटलं, तर ते सिद्ध करायची जबाबदारी म्हणणाऱ्यावर असते.

मॉर्मन बांधव जी वचनं दाखवतात ती प्रामाणिकपणे पाहू. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (२:३) प्रभूच्या येण्याआधी धर्मत्याग होईल असं आहे. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये पौल इफिसच्या वडिलांना बजावतो की, माझ्यामागे कळपात क्रूर लांडगे शिरतील. आमोस ८:११ मध्ये देवाच्या वचनाचा दुष्काळ आहे. ही वचनं खरी आहेत. चर्चच्या इतिहासात लांडगे शिरले, हेही नाकारता येणार नाही.

पण पुढच्या ओळीही वाचा. त्याच विसाव्या अध्यायात लांडग्यांचा इशारा दिल्यावर पौल (२०:३२) त्या वडिलांना देवावर आणि त्याच्या कृपेच्या वचनावर सोपवतो. सगळं संपणार आहे असं तो म्हणत नाही. तीमथ्यास पहिल्या पत्रात (४:१) विश्वासापासून 'काही जण' दूर जातील असं आहे, सगळे नव्हे. मत्तय १६:१८ मध्ये प्रभू म्हणतो की, माझ्या मंडळीवर अधोलोकाची सत्ता चालणार नाही. मत्तयाच्या शेवटच्या ओळीत तो युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत राहण्याचं वचन देतो. सतराशे वर्षांची सुट्टी या वचनांत कुठे बसवायची?

आणि चार्ज पुढे दिल्याची नोंदही आहे. तीमथ्यास दुसरं पत्र, २:२. पौलाने तीमथ्याला दिलं, तीमथ्याने विश्वासू माणसांना द्यायचं, आणि त्यांनी आणखी दुसऱ्यांना शिकवायचं. एका वचनात चार पिढ्या. तीत १:५ मध्ये क्रेत बेटावर गावोगावी वडील नेमायला सांगितलं आहे. सुपूर्द काय करायचं, तर ऐकलेली शिकवण.

ते विचारतात, मग बारा प्रेषित कुठे आहेत? यहूदाच्या जागी मत्थियाला निवडलं होतं ना? (कृत्ये १.) होय. पण त्या जागेसाठी अट काय होती तेही तिथेच आहे: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूबरोबर असलेला आणि पुनरुत्थानाचा साक्षी होणारा माणूस. पुढे बारा अध्यायात हेरोदाने याकोबाला तलवारीने मारलं, तेव्हा त्याच्या जागी कुणाला नेमल्याची नोंद नाही. पौल आणि बर्णबा यांना पुढे प्रेषित म्हटलं आहे हे खरं, पण बाराची संख्या कायम भरत राहा असा आदेश मला कुठे सापडला नाही. इफिस २:२० मध्ये प्रेषित आणि संदेष्टे यांना पाया म्हटलं आहे. पाया एकदा घालतात, मग त्यावर भिंती चढतात.

आणखी एक गंमत. त्यांच्याच 'डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स'च्या सातव्या प्रकरणानुसार प्रेषित योहान मेलाच नाही, प्रभू येईपर्यंत तो पृथ्वीवर राहणार आहे. जुना अधिकारी ठाण्यावर हजर असेल तर जागा रिकामी कशी? ते उत्तर देतात की तो उघडपणे चर्चचा कारभार पाहत नव्हता. उत्तर ऐकून घ्यावं, पण तपासणीच्या मंडळापुढे ते टिकेल असं मला वाटत नाही.

दुसरी तपासणी: कोणतं याजकपण?

अहरोनाचं याजकपण लेवीच्या वंशाला दिलेलं होतं, आणि काम होतं वेदीवर अर्पण करणं. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायाचा सगळा युक्तिवाद हाच आहे की ती व्यवस्था अपुरी ठरली आणि बदलली. मॉर्मन चर्चमध्ये मुलगे साधारण बारा वर्षांचे होतात त्या वर्षी त्यांना हे याजकपण मिळतं. मुलांना लहानपणापासून जबाबदारी देण्याची त्यांची ही पद्धत मला आवडते. पण तिला इब्री पत्राचा आधार नाही.

आता मलकीसदेकाचं याजकपण. याच अध्यायातली २३ आणि २४ ही वचनं मी कितीतरी वेळा वाचली. जुने याजक पुष्कळ होते, कारण मरणामुळे ते टिकत नसत. येशू सर्वकाळ राहतो, म्हणून त्याचं याजकपण अढळ आहे. इथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न बदलणारं' की 'दुसऱ्याकडे न जाणारं' यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण कारण मात्र स्पष्ट दिलं आहे: तो जिवंत आहे.

इथे माझी गाठ सुटली. अधिकारी गेला तर चार्ज द्यावा लागतो. जो गेलाच नाही, त्याचा चार्ज हरवणार कसा?

तिसरी तपासणी: यादीतला माल तोच आहे का?

चार्ज घेताना वस्तूंची संख्या जुळून भागत नाही, वस्तू तीच आहे का हेही पाहावं लागतं.

यशया ४३:१० आणि ४४:६ मध्ये देव म्हणतो की, माझ्याआधी देव झाला नाही, माझ्यानंतर होणार नाही, माझ्यावाचून दुसरा नाही. जोसेफ स्मिथने ७ एप्रिल १८४४ रोजी नाव्हू शहरातल्या प्रसिद्ध प्रवचनात शिकवलं की, देवही एके काळी माणसासारखा होता आणि माणसंही देव होऊ शकतात. योहान ४:२४ नुसार देव आत्मा आहे. त्यांच्या ग्रंथानुसार (प्रकरण १३०) पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. हा तपशिलातला फरक नाही.

ते म्हणतात, पवित्र शास्त्र नीट भाषांतरित झालं असेल तिथपर्यंतच प्रमाण. शंका रास्त आहे. पण १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत यशयाची अख्खी गुंडाळी आहे. तोवर हाती असलेल्या इब्री प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षं जुनी. लेखनातले बारीक फरक आहेत, पण एकच देव सांगणारी ही वचनं तिथेही आहेत. आणि गलती १:८ मध्ये पौल म्हणतो की, स्वर्गातल्या दूताने जरी निराळी सुवार्ता सांगितली तरी ती स्वीकारू नका. नुसता दूत आला एवढं पुरत नाही, त्याने काय आणलं ते पाहायचं.

चौथी तपासणी: खरं-खोटं कसं ओळखायचं?

त्या तरुणांनी पुतण्याला सांगितलं होतं, पुस्तक वाच, प्रार्थना कर, खरं असेल तर मनात साक्ष मिळेल. 'बुक ऑफ मॉर्मन'च्या शेवटी (मोरोनी १०:४) हेच आमंत्रण आहे. पुतण्याने तसं केलं आणि त्याला खरोखर ऊब जाणवली. त्याचा अनुभव खोटा होता असं म्हणण्याचा मला हक्क नाही. परक्या शहरात एकट्या राहणाऱ्या मुलाची कुणी आठवड्याला दोनदा आस्थेने चौकशी केली तर ऊब वाटणारच. आम्ही कुटुंबीय तेवढा फोन करत नव्हतो, ही आमची चूक.

पण कृत्ये १७:११ मध्ये बिरुयाच्या लोकांची स्तुती का केली आहे? त्यांनी खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात शोधून तपासलं म्हणून. प्रार्थना करावीच, पण जे हाताने तपासता येतं ते तपासावंही.

एक उदाहरण देतो. १८३५ मध्ये स्मिथने काही इजिप्ती पपायरस मिळवले आणि त्यांतून अब्राहामाचं लेखन भाषांतरित केल्याचं सांगितलं. ते 'बुक ऑफ अब्राहाम' आज त्यांच्या धर्मग्रंथांत आहे. ते पपायरस १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाले असा समज होता. १९६७ मध्ये त्यांचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून चर्चला मिळाले. तज्ज्ञांनी वाचले, तर ते मृतांसोबत ठेवायचे इजिप्ती अंत्यविधीचे मजकूर निघाले, अब्राहामाच्या काळानंतर कित्येक शतकांनी लिहिलेले. २०१४ मध्ये चर्चनेही एका निबंधात मान्य केलं की त्या तुकड्यांतला मजकूर ग्रंथाशी जुळत नाही. भाषांतर वेगळ्या अर्थाने ईश्वरप्रेरित असेल, किंवा मूळ भाग हरवला असेल, असं त्यांचं म्हणणं आहे. उघडपणे कबूल केलं, याचं श्रेय त्यांना देऊ. पण जिथे ताडून पाहता आलं, तिथे जुळलं नाही.

आता आजीचा बाप्तिस्मा

मृतांसाठी बाप्तिस्म्याचा आधार एकच वचन आहे: करिंथकरांस पहिलं पत्र १५:२९. तिथे पौल पुनरुत्थानाच्या बाजूने बोलताना विचारतो की, मेलेले उठत नसतील तर जे मृतांसाठी बाप्तिस्मा घेतात ते तो कशाला घेतात? 'ते' घेतात, 'आपण' नाही. आदेश नाही, विधी नाही, अन्यत्र उल्लेख नाही. मॉर्मन शिकवणीनुसार तो स्वीकारायचा की नाही हे मृत व्यक्तीवर सोडलेलं असतं, आणि त्यामागे पूर्वजांबद्दल माया आहे, हेही सांगायला हवं. पण वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्म्यावाचून त्याच दिवशी सुखलोक मिळाला. (लूक २३:४३.)

नाताळात पुतण्या आमच्याकडे महूला आला. वही घेऊन आला होता, खुणा केलेल्या. दोन रात्री आम्ही बसलो. दुसऱ्या रात्री मी आईचं जुनं शास्त्र काढलं. पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या हातची नोंद आहे: नाव, तारीख, 'बाप्तिस्मा झाला'.

पुतण्याने पान उलटून पाहिलं. "कुणी दिला ते लिहिलंच नाही, काका."

मी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पहिला अध्याय उघडला. तिथे मंडळीत भांडण चाललं आहे: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. आणि पौल म्हणतो, बरं झालं मी तुमच्यापैकी फारसा कुणाला बाप्तिस्मा दिला नाही. खुद्द पौलाला बाप्तिस्मा मिळाला तो दिमिष्कातल्या हनन्याच्या भेटीत. हनन्याची ओळख काय, तर 'एक शिष्य'. पद नाही, हुद्दा नाही. फौजेतल्या माणसाला अशी नोंद अपुरी वाटते. पण पवित्र शास्त्राला ती पुरली.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ती पोरं वाईट नाहीत हो."

"नाहीतच. ऐन तारुण्यातली दोन वर्षं ती देतात, तीही बहुतेक स्वतःच्या नाहीतर घरच्या पैशाने. आपल्या मंडळीतली किती पोरं देतील?"

इथे एक कबुली देतो. "आमचंच खरं" हा रोग फक्त त्यांचा नाही. आपल्याकडे एका गावात तीन चर्च असतात आणि एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच गोंधळ आला. इतके पंथ, प्रत्येकाच्या हाती तेच शास्त्र. जोसेफ स्मिथला पडलेलाच प्रश्न. रमाबाईंनी नवं चर्च काढून ते एकमेव खरं असल्याचा दावा केला नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त नंतर मिळाला, अशा आशयाचं त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवलं आहे. पुढचं आयुष्य अनाथ-विधवांच्या सेवेत गेलं आणि त्यातच त्यांनी अख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं.

आणि आपल्या मराठी शास्त्रात चर्चला शब्द काय आहे? मंडळी. मी दर भागात तुम्हाला हाक मारतो तोच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जमलेले लोक असाच आहे.

पुतण्याने शेवटचा निर्णय अजून सांगितलेला नाही आणि मी विचारतही नाही. निघताना एवढंच म्हणाला, "काही ठरलं तरी आजीचं नाव कुठे पाठवणार नाही." आता दर रविवारी रात्री आम्ही फोनवर एकेक अध्याय वाचतो. सध्या इब्री लोकांस पत्र चालू आहे.

मी दिलेली वचनं तुम्हीही स्वतः उघडून पाहा, मागच्या-पुढच्या ओळींसकट. माझं कुठे चुकलं असेल तर कळवा, पुढच्या भागात दुरुस्ती करीन.

जय हिंद.